गिरणीतला गुरुवार

गुरुवारी आमच्या गावात सकाळी दहा ते दुपारी दोन लाइट नसते. दुरुस्तीचा वार म्हणून तो ठरलेला आहे आणि गावातल्या पोराटोरांनाही ते पाठ आहे. तरीही गेली सात वर्षं गुरुवारीच, साडेदहाच्या सुमाराला, क्रांतीच्या पिठाच्या गिरणीत पंधरा-वीस बायका डबे घेऊन येऊन बसतात. गावात नव्याने आलेल्या सुनेला याचं नवल वाटतं. लाइट नसताना दळण घेऊन कोण जातं? आम्ही जातो. लाइट नसली की गिरणीचा आवाज नसतो, आणि आवाज नसला की मी मोठ्याने कादंबरी वाचते.

घरी उत्तर तयार असतं. 'लाइट न्हवती, थांबावं लागलं.' यात खोटं काहीच नाही.

मी इथल्या प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं, त्यामुळे सगळं गाव मला शालूबाई न म्हणता नुसतं बाई म्हणतं. माहेर साताऱ्याचं. आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. डोळे दाखवायला सांगलीला जाते तेव्हा तिथल्या रद्दीवाल्याकडून जुनी पुस्तकं किलोवर घेऊन येते. असंच एकदा दळण टाकायला गेले आणि लाइट गेली, म्हणून पिशवीतलं पुस्तक काढून वाचत बसले. शेजारी लीलाबाई होती. गावात तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. ती म्हणाली, "आवं बाई, मोठ्यानं वाचा की. आमी काय दगडं हाय का हितं?"

तिथून सुरुवात झाली. आधी मी एक ऐतिहासिक कादंबरी घेतली. तिसऱ्या गुरुवारी लीलाबाई म्हणाली, "ह्यात समदी घोड्यावरच बसल्यात. कुणी खाली उतरून दोन शब्द बोलंल का न्हाई?" मग एक दुःखाची घेतली. ती दुसऱ्याच आठवड्यात बंद पाडली. रडायला घर आहे, त्यासाठी गिरणीत यायला नको, असं सगळ्यांचं मत पडलं. तिसरी कादंबरी एका लहानशा गावातली होती. शाळेपासूनचे दोघे मित्र, तो आणि ती, रोज भेटतात, भांडतात, एकमेकांच्या घरची भाकरी खातात, आणि आपलं एकमेकांवर प्रेम आहे हे त्या दोघांना सोडून सगळ्या गावाला कळलेलं असतं. दोनशे सत्तर पानं. ती संपत आली त्या दिवशी दोन वाजता लाइट आली तर बायकांनी क्रांतीला बटण दाबू दिलं नाही.

तेव्हापासून आम्हाला तसलीच लागते. सात वर्षांत अशा एकोणीस झाल्या. गोष्ट एकच. सुरुवातीलाच शेवट ठाऊक असतो, तरी कंटाळा येत नाही. माझा सांगलीतला मुलगा हसतो. म्हणतो, आई, तू आयुष्यभर व्याकरण शिकवलंस आणि आता हे काय वाचतेस?

मी काय वाचते ते त्याला कसं सांगू? माझं लग्न झालं तेव्हा मला यांचं नाव, आडनाव आणि पगार एवढंच माहीत होतं. लग्नात मान खालीच होती, म्हणून साताऱ्याहून एसटीने या गावात उतरले तेव्हा सामान उचलायला दोघे पुढे आले, त्यांत नवरा कुठला हे ओळखायला मला क्षणभर थांबावं लागलं. माणूस चांगला होता. संसारही चांगला झाला. पण निवृत्त झाल्यावर एके दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, "शालू, मला भोपळा आवडत नाही." तेहतीस वर्षं मी दर आठवड्याला भोपळा करत होते. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणाले, आपली तेवढी ओळख कुठे होती?

त्या दिवशी आम्ही पुष्कळ हसलो. त्यानंतर मात्र आमची खरी मैत्री झाली. ती नऊ वर्षं पुरली, मग ते गेले. आमचं उलटं झालं. आधी लग्न, मग मुलं, मग म्हातारपण आणि सगळ्यात शेवटी मैत्री. गिरणीत बसणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांना विचारा, बहुतेकींचं असंच झालं, आणि काहींची शेवटची पायरी आलीच नाही. मग ज्याला लग्नाआधीच आपल्याला काय आवडतं ते ठाऊक आहे, ज्याच्यासमोर आपण नाक शिंकरलेलं आहे, ज्याच्याशी आपण कट्टी केलेली आहे, असा माणूस पुस्तकात भेटला तर आम्ही का सोडावा?

आता क्रांतीचं सांगते. ती माझी तिसरीतली विद्यार्थिनी. अमृत त्याच वर्गातला. बाक वेगळे होते, पण पाटी एकच वापरायचे, कारण याची रोज फुटायची. पुढे अमृत सैन्यात गेला. क्रांतीचं लग्न विट्याकडे झालं आणि चार वर्षांत ती माघारी आली. का आली ते तिने कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, पण ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की आली ते बरं केलं. वडील नुकतेच गेले होते आणि गिरणी बंद पडली होती. तिचा मोठा भाऊ सयाजी सांगलीला विश्रामबागमध्ये राहतो, कचेरीत नोकरी करतो. तो म्हणाला, विकून टाकू. हिने डोक्याला रुमाल बांधला आणि गिरणी सुरू केली. या गोष्टीला आठ वर्षं झाली.

अमृत दोन वर्षांपूर्वी सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनीवर परत आला. ओढ्याकाठी त्याने उसाची रोपवाटिका घातली आहे. लग्न केलेलं नाही. आधी दोन बहिणींची करायची होती, नंतर त्याने विषयच काढू दिला नाही. त्याची आई मनुबाई गुरुवारी आमच्यात असते आणि नायक नायिकेला काही बोलला की हमखास म्हणते, "आमच्या येड्याला कवा सुचायचं असलं?" गिरणीच्या दगडाला टाकी लावायची असली की अमृत येतो. दोन-दोन तास छिन्नी-हातोडी घेऊन झिजलेल्या दगडाला खाचा पाडत बसतो, क्रांती बाजूला बसून चुका काढते, तो म्हणतो, "मग तूच कर की गं," ती म्हणते, "मग तू कशाला हायस?" दोन वर्षं मी हे ऐकत आले. पुस्तकातल्या बायकांना असतात तसले कान मलाही होते. पण शाळेतल्या बाईने माजी विद्यार्थ्यांच्या भानगडीत पडू नये, असं मी स्वतःला सांगत होते.

गेल्या माघात सयाजीने क्रांतीसाठी स्थळ आणलं. साताऱ्याचा माणूस, बायको वारलेली, बँकेत चांगल्या जागेवर, मुलगी लग्न होऊन गेलेली. रविवारी बघायला येणार. मी क्रांतीला विचारलं, तुझ्या मनात काय आहे?

ती चाळणी झटकत म्हणाली, "बाई, अडतिसावं लागलं मला. दादा म्हणतो सगळा जलम पिठात घालवणार का. त्याचं बी खरं हाय."

"आणि अमृत काय म्हणतो?"

"त्यो म्हणतो चांगलं स्थळ हाय, कर." तिने चाळणी खाली ठेवली. "उद्या येऊन दगडाला टाकी लावून जातो म्हणला. गिरणी इकली तर घेणाऱ्याला तरास नगं." मग ती पुन्हा उचलत म्हणाली, "आनि काय म्हणणार? मित्र हाय त्यो."

मी घरी आले आणि पुस्तक उघडून बसले. त्या वेळी आम्ही जी वाचत होतो तिच्यातली माया नवऱ्याकडून माघारी येऊन शिवणकाम करते आणि यशराज समोरच फोटो स्टुडिओ चालवतो. गुरुवारी शेवटचा भाग वाचायचा होता. दोनशे आठवं पान संपलं आणि पुढे पुठ्ठा. शेवटची चाळीसेक पानं कुणीतरी फाडली होती, का आपोआप निघाली होती, देव जाणे. रद्दीतल्या पुस्तकात हे व्हायचंच. पण गुरुवारी वीस बायका शेवट ऐकायला येणार होत्या आणि माया तर ऐन वेळी दुकानाला कुलूप घालून मावशीकडे निघाली होती.

तिला तसंच एसटी स्टँडवर सोडून द्यायचं मला जमलं नाही. मी ठरवलं, आपणच रचायचं. पुस्तक नाकासमोर धरायचं आणि वाचल्यासारखं बोलायचं. सत्तावीस वर्षं तिसरीच्या मुलांना पुस्तकात नसलेल्या गोष्टी पुस्तकात असल्यासारख्या सांगितल्या होत्या. एवढं काय अवघड?

पण रचायला काही सामान लागतं, आणि म्हातारीकडे सामान म्हणजे आठवणी. मला आठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. क्रांतीने गिरणी उघडली त्या आठवड्यातली. अमृत तेव्हा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. एका सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ज्वारी द्या. मी तिकडंच चाललोय, दळून आणतो." मी डबा दिला. नवरा सोडून आलेल्या बाईच्या गिरणीत पहिल्यांदा पाऊल कुणी टाकायचं, याची गावात चर्चा चालली होती, हे मला माहीत होतं. मी शाळेतली बाई. मी आधी जायला हवं होतं. मी गेले नाही. माझी ज्वारी गेली. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात माझी शोभा नव्हती.

त्या आठवणीला मी कापडं चढवली आणि गुरुवारी गिरणीत जाऊन बसले. क्रांती नेहमीसारखी दगडाजवळच्या पाटावर होती, पाठ भिंतीला टेकून. पुस्तक उघडलं. माया मावशीकडे जायला निघाली आहे आणि स्टँडवर तिला तिचं जुनं गिऱ्हाईक भेटतं, अशी मी सुरुवात केली. ती बाई मायाला सांगते, पोरी, तू नवऱ्याकडून माघारी येऊन दुकान टाकलंस तेव्हा आम्ही कोणी येणार नव्हतो. तुझ्या दारात पहिलं पाऊल कुणी टाकायचं म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघत होतो. तेव्हा यशराज घरोघर फिरला. ब्लाउजपिसं द्या, मी तिकडेच चाललोय, टाकून येतो, असं म्हणाला. एका घरी नाही, तीस घरी फिरला. तुझं दुकान पहिल्या दिवसापासून भरलेलं दिसलं ते त्याच्यामुळे.

तीस घरं मी पदरची घातली. कादंबरीत एका घराने भागत नाही.

मी पान उलटल्यासारखं केलं आणि पुढे जाणार, तेवढ्यात लीलाबाई म्हणाली, "थांबा."

मी चष्म्यावरून पाहिलं.

"असंच आमच्यात झाल्तं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "अमृत आल्ता. गहू न्हे म्हणून मीच दिलं. मला वाटलं, आपल्याच घरी आलाय. शेजारधर्म."

"आमच्यात बी आल्ता," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्याकडनं बाजरी न्हेली. वर म्हणाला, मावशी, बाजरीत खडं लय हायती, जरा निवडत जावा."

"आमची तर उडदाची डाळ न्हेली. मी म्हणलं दळायची न्हाई रं ही, तर म्हणाला, दळू की, पापड करा."

हसू फुटलं, आणि लगेच विरलं. एकेक बाई दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येकीला आठ वर्षं वाटत होतं की तो फक्त तिच्या दारात आला होता. आणि प्रत्येकीने ते का लपवलं, तेही प्रत्येकीला ठाऊक होतं. मी रचलेली घरं त्या गिरणीत माझ्यासमोर बसलेली होती. 

मनुबाई सगळ्यांत शेवटी बोलली. "आता मला उमगलं," ती म्हणाली. "त्या साली आमच्या घरात दाणा म्हणून शिल्लक ठेवला न्हवता पोरानं. ज्वारी, गहू, हरभरा, समदं पीठ. पिठाला जाळ्या झाल्या. मी म्हणलं, मिलिट्रीत ह्याला कुणी भूत लावलं का काय."

यावर कुणी हसलं नाही, कारण क्रांती उठून उभी राहिली होती. ती माझ्याजवळ आली आणि हात पुढे केला.

"बाई, पुस्तक बघू."

मी दिलं. तिसरीत मी तिची वही मागायचे तसंच तिने मागितलं होतं. तिने शेवटचं पान पाहिलं, पुठ्ठा पाहिला.

"ह्यात तर पानंच न्हाईत."

"नाहीत," मी म्हणाले.

"मग हे समदं?"

"एक घर खरं होतं. माझं. बाकीची मी घातली होती."  "मी तेव्हा स्वतः आले नाही, क्रांती. त्याच्या हाती डबा पाठवला."

तिने पुस्तक मिटलं. मग सगळ्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता ही गिरणीला कुलूप घालणार आणि आम्हीच हिला साताऱ्याला पाठवल्यासारखं होणार. आठ वर्षं जिला वाटलं होतं की आपण आपल्या हिमतीवर गाव जिंकलं, तिला भर गिरणीत कळलं होतं की गाव आलंच नव्हतं.

"मग पुढं काय झालं त्या मायाचं?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला आणि बाहेर पडली.

ती ओढ्याच्या वाटेला लागली तसं लीलाबाईने पदर खोचला. "बाई, उठा. चालवतंय का?" मी म्हणाले, आपण जाऊ नये, हा त्यांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "त्यांचा परश्न आठ वरीस त्यांच्याजवळ ठेवून बघितला की." आणि आम्ही सगळ्या निघालो. डबे गिरणीतच राहिले.

अमृत हिरव्या जाळीखाली गुडघ्यावर बसून ट्रेमध्ये उसाचे डोळे लावत होता. समोर क्रांती आणि तिच्या मागे पंचवीस पावलांवर वीस बायका, त्यात स्वतःची आई, असं दृश्य बघून तो उभा राहिला. सैन्यात राहिलेल्या माणसाला मोर्चा ओळखू येतो.

"काय झालं?"

"आठ वर्षांमागं मला म्हणालास, बायकांनी आपणहून दळण धाडलंय. कुणाकुणाच्या घरनं गोळा केल्तंस?"

"कसलं दळण?"

"अमृत."

त्याने हाताचा चिखल पँटला पुसला. "सुट्टी व्हती. दुसरं काम न्हवतं."

"तीस घरं?"

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "वरची आळी राहिली. सुट्टी संपली."

क्रांती हसली असावी, मला मागून दिसलं नाही. पण तिचे खांदे हलले. "मग इतक्या दिवसात बोलला का न्हाईस?"

 तो अगदी हळू बोलला, पण ओढा आटलेला होता, सगळं ऐकू येत होतं. "तू माघारी आलीस तवा गाव कारण हुडकत व्हतं. मी काय बोललो असतो तर गावाला कारण घावलं असतं. म्हणाले असते, शाळंपासनंच व्हतं ह्यांचं, म्हणूनच नांदली न्हाई. तुझ्यावर ते आलं असतं. माझ्यावर कुणी काय म्हणलं नसतं."

"आनि आता?"

"आता तू साताऱ्याला चाललीस."

"कोण म्हणलं चालले? बघाय येत्यात म्हणलं मी. तूच म्हणालास, कर."

"मग काय म्हणू? करू नगं म्हणायचा हक्क कुणी दिला व्हता मला?"

"तू मागितलास कवा?"

त्याने पुसलेला हात पुन्हा पँटला पुसला.  एकोणीस कादंबऱ्यांत आम्ही हे वळण ऐकलं होतं आणि दर वेळी नायक इथे पाच पानं घेतो.

"माग की रं आता," लीलाबाई मागून म्हणाली. "उन्हात उभ्या हाय आमी."

अमृतने आमच्याकडे पाहिलंच नाही. "क्रांते," तो म्हणाला, "साताऱ्याला जाऊ नगं."

"मग कुठं जाऊ?"

"आमच्यात ये."

एवढंच. आमच्या भागात घराला घर म्हणत नाहीत, 'आमच्यात' म्हणतात, आणि त्या एका शब्दात तो, त्याची आई, चूल, ओसरी सगळं येतं. क्रांतीने होकाराची मान हलवली. मनुबाई मधून वाट काढत पुढे गेली, तिने क्रांतीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "ये गं बाई. पर येताना पीठ आणू नगं. त्या सालचं अजून आठवतंय मला."

क्रांतीने तिथूनच सयाजीला फोन लावला. काय बोलली ते आम्ही ऐकलं, तो काय बोलला तेही ऐकलं, कारण तो फार मोठ्याने बोलत होता. पाहुण्यांना मी थांबवतो, पण रविवारी मी येतोय, आणि तुला घेऊन जातोय, असा त्याचा शेवटचा शब्द होता.

रविवारी सकाळी क्रांतीने मला बोलावून घेतलं. मी पोचले तर सयाजी गिरणीच्या मागच्या खोलीत फेऱ्या मारत होता. तोही माझा विद्यार्थी, म्हणून मला बसायला खुर्ची दिली, पण बोलायचं थांबला नाही.

"बाई, तुमीच सांगा हिला. दुसरं लगीन करतीय तर चांगलं कर म्हणलं. पर गावातल्या गावात? त्याच्याशीच? आता समदी म्हणतील, हेच व्हतं तर तवाच. आठ वरीस हिनं नाव राखलं, ते एका दिवसात जाईल. उद्यापासनं हिच्या गिरणीत कोण पाऊल टाकणार हाय?"

तो वाईट माणूस नाही. अमृत ओढ्यावर जे म्हणाला तेच तो बोलत होता, फक्त आठ वर्षं उशिरा.   क्रांती थेंबही न सांडता चहा ओतत होती, पण तिचा चेहरा मला तिसरीपासून वाचता येतो. ती घाबरली होती. लग्नाला नव्हे. गिरणीच्या रिकाम्या दाराला.

तेवढ्यात बाहेर डबा ठेवल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

रविवारी आमच्याकडे दळण नसतं. गिरणी बंद असते आणि शेतावर मजुरांचा पगार असतो, त्यामुळे कुणाला सवड नसते. सयाजीने दार उघडलं. पायरीवर लीलाबाई उभी होती, तिच्यामागे मनुबाई, तिच्यामागे गुरुवारच्या सगळ्या, आणि त्यांच्यामागे गुरुवारी कधीही न येणाऱ्या, वरच्या आळीतल्यासुद्धा. रांग कोपऱ्यावरच्या पारापर्यंत गेली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर किंवा कमरेवर डबा होता. कुणी सुनेच्या हाती पाठवला नव्हता. सत्तरीच्या बायका स्वतः उचलून घेऊन आल्या होत्या. मी कुणाला निरोप दिला नव्हता. क्रांतीनेही दिला नव्हता. त्यांचं आपसांत कधी ठरलं, की ठरलंच नाही, हे मला आजही माहीत नाही.

सयाजी काहीतरी बोलायला पायरी उतरला.

"सयाजीराव," लीलाबाई म्हणाली, "दळण असंल तर मागनं या. मधी घुसायचं न्हाई."

"काकी, आज रविवार हाय."

"ठावं हाय. आमच्या हिशोबानं आज गिरणीचा पैला दिवस हाय. तवा यायचं राहून गेल्तं."

सयाजी तिथेच उभा राहिला. त्याने रांगेकडे पाहिलं, पारापर्यंत, आणि पुन्हा मागे. तो याच गिरणीत वाढलेला मुलगा. वडिलांच्या हाताखाली त्याने हजारो डबे उचलले असतील. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. गणित चुकल्याचं लक्षात आलं की तो लहानपणी आधी फळ्याकडे बघायचा, मग कान खाजवायचा. त्याने कान खाजवला.

"क्रांते," तो आत बघून म्हणाला, "बटण दाब." आणि बाह्या वर सारून त्याने लीलाबाईच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला.

गिरणी सुरू झाली. त्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, तरी सगळ्या बोलत होत्या. ओढ्याकडून अमृत आला. कुणीतरी त्याला सांगायला धावलं असावं. तो रांगेच्या टोकाशी थबकला आणि बायकांनी त्याला पुढे ढकललं. सयाजीने त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि पिठाचं एक पोतं त्याच्या अंगावर टाकलं, उचल म्हणून. त्याने उचललं.  

मी मागच्या दाराने घरी गेले. कोपऱ्यात ज्वारीचं पिंप होतं, त्यातून डबा भरला. पाच किलोचा. शेजारची अंकिता धावत आली, म्हणाली, "बाई, द्या इकडं, मी टाकून येते." मी नाही म्हणाले. रस्त्यात दोनदा टेकवावा लागला, उजवा खांदा अजून दुखतो. पाराजवळ पोचले तेव्हा माझ्यापुढे सव्वीस जणी होत्या. त्यांनी मला बाई म्हणून पुढे व्हायला सांगितलं. मी जागची हलले नाही. डबा दोन्ही हातांनी धरला आणि माझा नंबर येईपर्यंत उन्हात उभी राहिले.